रक्ताचं कारण

नेल्वा: ‘ती पोर माझी आहे. माझ्या हातून घडलंय.’ एवढंच म्हणाले होते बाबा, चर्चमध्ये वडीलजनांच्या पुढे उभे राहून. आवाज कसा, तर तेल संपलेली पवनचक्की फिरते ना, तसा. बत्तीस वर्षं झाली, दादा. अजून कानातून जात नाही.

आदेमार: माझ्या तरी कुठं गेलाय. मी दुसऱ्या बाकावर होतो. पण हे सांगायला तू मंगळवारी सकाळी चर्चच्या मागच्या दाराने आलीस?

नेल्वा: पुढे बायका पायऱ्या धुतायत. मला बघितलं की त्यांचे हात थांबतात. परवापासून सगळ्या वसाहतीचे हात थांबलेत. काल बाजारात एकीने आमची चीजची चकती उचलली, वास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि परत ठेवून दिली. जसं काही आम्ही दोघींनी दुधातच काहीतरी कालवलंय.

आदेमार: बस. मातेचा कडू चहा घे. पाणी आत्ताच उतरवलंय.

नेल्वा: तू घे आधी. पेल्यातली नळी दातावर वाजतेय तुझ्या. थंडी भरलीय का?

आदेमार: ऑगस्टचा हिवाळा आहे. भरणारच.

नेल्वा: हे बघ, मी भांडायला आलेले नाही. हे आधीच सांगते. कचेरीतल्या नोंदणीबाईने मला तुझा अर्ज दाखवला. दाखवायचा नसतो म्हणे. पण ती म्हणाली, ‘नेल्वाबाई, तुमच्या सख्ख्या भावाचं अक्षर आहे. तुम्हीच वाचा, मला वाचवत नाही.’

आदेमार: अक्षर माझंच. खाली सहीसुद्धा आहे. मी निनावी काही लिहीत नाही.

नेल्वा: ते माहितीय. म्हणून तर तुझ्याकडे आले, दुसऱ्या कोणाकडे नाही.

आदेमार: नोटिशीतच छापलेलं असतं, नेल्वा. अमुक आणि तमुक लग्न करू इच्छितात, कोणास अडथळा ठाऊक असल्यास लेखी कळवावा. बोर्डावर तुझं नाव आणि ओलिंदाचं. मी या चर्चचा चिटणीस. जुनं इतिवृत्त माझ्या कपाटात. बाबांनी कबुली दिली ते पान त्यात आहे, त्याची नक्कल जोडली. एका बापाच्या दोन मुली. कुठल्या देशाच्या कायद्यात बसतं ते?

नेल्वा: कुठल्याच नाही.

आदेमार: आणि बाईने बाईशी लग्न करायच्या मी विरुद्ध नाही, हे तुला माहीत आहे. कायदा झाला तेव्हा इथंच, या खोलीत बैठक झाली. अर्धे लोक म्हणत होते, देवाने ठरवलंय त्याला सरकार कोण हात लावणारं. मीच उठलो. म्हटलं, सरकारच्या वहीत काय लिहायचं ते सरकारला लिहू द्या, आपण आपलं शास्त्र वाचू. पाळकबाईंनी माझा हात हातात घेतला होता.

नेल्वा: मी शेवटच्या खुर्चीवर होते. घरी जाऊन ओलिंदाला म्हटलं, ‘बघितलंस, हा माझा दादा.’ त्याच जोरावर आम्ही नोटीस दिली, नाहीतर धीर कुठला होतोय आम्हाला. या वयात. गुडघ्यांना पट्ट्या बांधून बोहल्यावर.

आदेमार: माझ्या बोलण्यावर नोटीस दिलीत?

नेल्वा: पणजीची गोष्ट सांगितलीस ना तू. सुझानपणजीचं लग्न आपल्या पाळकाने लावलं, म्हणून पलीकडच्या गावचा कॅथलिक पाद्री तिला भर रस्त्यात ‘ठेवलेली’ म्हणायचा. पोरांना आईचं नाव सांगायची लाज. मग सरकारने स्वतःची वही काढली, त्यात नाव लागलं, आणि त्या दिवसापासून ती बायको झाली. ‘आपल्याला शास्त्राने तारलं, पण आपल्या बायकांना इभ्रत दिली ती त्या वहीने.’ हे तुझे शब्द. मलाही तेवढंच हवंय. चर्चकडे आशीर्वाद नाही मागितला मी. एक ओळ मागितली, सरकारच्या वहीत.

आदेमार: ओळ मागायची तर रक्त बघावं लागतं.

नेल्वा: तेच सांगायला आलेय. ओलिंदा बाबांची मुलगी नाही.

आदेमार: पाणी निवतंय.

नेल्वा: ऐकलंस का?

आदेमार: ऐकलं. भर.

नेल्वा: मला वाटलं होतं तू ओरडशील. ओरड ना, मला बरं वाटेल. ऐंशी साली ती उत्तरेतल्या ताक्वारेम्बोहून आली, आपल्याकडे दूध काढायला. पहिल्याच दिवशी तांबड्या गाईने तिला लाथ मारली. ही चिखलात बसून गाईला म्हणाली, ‘बाई, आधी आपली ओळख तरी होऊ दे.’ मी हातात बादली घेऊन उभी होते. मी तिथंच संपले, दादा. मग वर्षभरात लोक बोलायला लागले. दोघींची एकच खोली का, रविवारी एकच बाक का. तेव्हा लष्कराचं राज्य. ठाण्यावरून माणूस आला, ‘ही कोण, कुठली, हिला परत धाडा.’ वडीलजनांनीही बाबांना निरोप धाडला. तेव्हा मी बाबांना खरं ते सांगितलं. चीजच्या कढईपाशी. ते दूध ढवळत होते, ढवळतच राहिले. ते गुणगुणायचे बघ,

‘डोंगर सुटला, सुटली वाट,
पाठीशी पोथी, हातात हात.’

तेच गुणगुणत राहिले. कढई खाली उतरवली, हात पुसले, आणि म्हणाले, ‘बहीण म्हणून राहिली तर तिला कोणी हात लावणार नाही.’ मी म्हटलं, बहीण कशी होईल ती? म्हणाले, ‘ते माझ्यावर सोड.’

आदेमार: आणि रविवारी उभे राहिले.

नेल्वा: उभे राहिले. पंचावन्न साली ते गुरं आणायला उत्तरेकडे गेले होते, हे सगळ्यांना ठाऊक. तेवढा धागा लोकांना पुरला. त्यांचं वडीलपद गेलं. तीन वर्षं प्रभुभोजन बंद. भाकर सगळ्या बाकांवरून फिरायची आणि त्यांच्यापाशी आली की पुढे जायची. मी ते बघत बसायचे. तोंड शिवून. आणि सगळ्यांत जास्त तू सोसलंस. आईला जाऊन तीनच वर्षं झाली होती. तुला वाटलं असेल, तू सहा वर्षांचा, मी पाळण्यात, आई एकटी घर ओढतेय, आणि हे तिकडे…

आदेमार: मला जे वाटायचं ते वाटलं.

नेल्वा: तेरा वर्षं तू त्यांच्याशी शब्द बोलला नाहीस. ते गेले तेव्हा आईशेजारची जागा मोकळी होती, तरी त्यांना कुंपणापाशी ठेवायला लावलंस, सरूच्या झाडाखाली. मी तेव्हाही बोलले नाही, दादा. खड्डा डोळ्यांसमोर होता माझ्या. बोलले तर घर जाईल, ओलिंदा जाईल, म्हणून गप्प. बाबांच्या जिवावर मी संसार केला आणि त्यांना कुंपणाकडे सोडून आले. आणि तू त्या खोट्यापायी बाप गमावलास. तू जे पाहिलंस, तेच खरं मानलंस, तेच कागदावर लिहिलंस. तुझा काय दोष. माझं चुकलं. माफी मागायला आलेय मी तुझी.

आदेमार: नको. असलं काही बोलू नकोस.

नेल्वा: बोलू दे. बत्तीस वर्षांनी जीभ सुटलीय.

आदेमार: नेल्वा, मी हात जोडतो. माझी माफी मागू नकोस.

(ओलिंदा मागच्या दाराने येते. बुटांना चिखल, हातात कागदाची घडी.)

ओलिंदा: झालं का तुमचं? गाडीत बसून पाय गोठले माझे. दादा, नमस्कार. आता दादा म्हणू की मेहुणे म्हणू, तेवढं सांगून टाका. बत्तीस वर्षांची सवय, जीभ वळत नाही.

आदेमार: काहीही म्हण. बस.

ओलिंदा: सांगितलंस त्यांना?

नेल्वा: सांगितलं.

ओलिंदा: आणि हे अजून उभे? मला वाटलं आडवे होतील. मी गाडीतली ब्रँडी काढून ठेवली होती.

नेल्वा: ओलिंदा.

ओलिंदा: बरं, गप्प बसते. एकच बोलून गप्प बसते. माझा बाप कोण, हे माझ्या आईलाही धड ठाऊक नव्हतं. जन्मदाखल्यावर तिथं नुसती रेघ आहे. शाळेत मास्तर नाव विचारायचे तेव्हा मी ती रेघ बोटाने हवेत काढून दाखवायचे, वर्ग हसायचा. त्या रेघेवर लेवीबाबांनी आपलं नाव आणून ठेवलं. चार माणसांनी थुंकायचं ते थुंकून घेतलं, आणि मी मागच्या बाकावर त्यांच्या बाजूला बसून मनात म्हणत होते, मिळाला गं बाई, बाप मिळाला. दर वाढदिवसाला मला संत्र्याचं एक रोप आणून द्यायचे. तेरा झाडं आहेत. बाप खोटा असेल, झाडं येऊन मोजा.

आदेमार: बघितलीत मी. रस्त्यावरून दिसतात.

ओलिंदा: दिसतात, पण कधी आत आला नाहीत.

आदेमार: आता काय करायचं म्हणताय?

नेल्वा: उद्या दुपारपर्यंत तू अर्ज लेखी मागे घेतलास, तर शुक्रवारचं लग्न होईल. नाहीतर कागद न्यायाधीशाकडे जातात, आणि तिकडे वर्ष जातं. वर्षाचंही मला काही नाही, इतकी गेली. पण हिच्या दाखल्यावर रेघ आहे, चर्चच्या पानावर बाबांची कबुली आहे. न्यायाधीश कशावर विश्वास ठेवील? आणि तोवर आम्ही गावभर बहिणी-बहिणी. शाळेच्या भिंतीवर लिहिलंय कोणीतरी. काय लिहिलंय ते मी तुला सांगणार नाही.

ओलिंदा: मी सांगते.

नेल्वा: नको.

ओलिंदा: अक्षर मात्र वळणदार होतं. शिकलेलं माणूस.

आदेमार: पुसलं का?

ओलिंदा: पुसलं. चीजची भांडी घासायच्या ब्रशने. ही पाणी ओतत होती, मी घासत होते. समोरून पाळकबाई आल्या, बाह्या सावरून त्याही घासायला लागल्या. म्हणाल्या, ‘आदेमारांनी खरं समजून लिहिलं असेल हो, त्यांच्यासारखा सरळ माणूस नाही.’

आदेमार: असं म्हणाल्या.

ओलिंदा: असंच.

नेल्वा: दादा, तुला त्रास नको म्हणून मी मसुदा करून आणलाय. तू फक्त तुझ्या अक्षरात उतरव आणि सही कर. बाबांचं जे आहे ते मी बोलेन. रविवारी, चर्चमध्ये, ते उभे राहिले होते त्याच जागी उभी राहून. तू काही बोलायचं नाहीस.

आदेमार: वाच.

नेल्वा: ‘मी, आदेमार, माझा या महिन्यातला अर्ज मागे घेत आहे. माझे वडील कै. लेवी यांच्या कबुलीवर मी प्रामाणिकपणे विश्वास ठेवला होता. ती कबुली खरी नव्हती, हे मला आज माझ्या बहिणीकडून प्रथमच कळले. कोणास दुखावण्याचा माझा हेतू नव्हता.’

ओलिंदा: शेवटचं वाक्य तिचं. मी नको म्हटलं होतं.

आदेमार: चांगलं लिहिलंयस.

नेल्वा: पेन घे.

आदेमार: चष्मा कुठं ठेवला.

ओलिंदा: डोक्यावर आहे.

आदेमार: हं. ‘अर्ज मागे घेत आहे.’ हे घे, लिहिलं. त्याखाली सही करतो. एवढ्यावर होईल तुमचं काम.

नेल्वा: होणार नाही. बाई कारण मागणार. आणि कारण नाही दिलंस तर लोक म्हणतील, बहिणीने पाय धरले म्हणून भाऊ गप्प बसला, पण पोर लेवीचीच. आमच्या तोंडावर ते कायमचं राहील. बाकीचं लिही.

आदेमार: बाकीचं माझ्याच्याने लिहवत नाही.

ओलिंदा: मला वाटलंच. पटलेलं नाही त्यांना. सही करतील, पण मनात आम्ही बहिणीच.

आदेमार: तसं नाही, ओलिंदा.

नेल्वा: बाबांचं खोटं कागदावर येईल, म्हणून अडतोयस? त्याचं उत्तर देवापुढे मी देईन.

आदेमार: तेही नाही.

नेल्वा: मग आमचं लग्नच नको आहे तुला. तसं सांग. तोंडावर ऐकलेलं सोसतं मला.

आदेमार: …ते थोडं आहे. खोटं कशाला बोलू. बैठकीत मी जे बोललो ते तोंडाने बोललो. दुसऱ्यांच्या बहिणी, तिकडे राजधानीतली, मोंतेविदेओतली माणसं, रेडिओवरची माणसं, त्यांच्यासाठी वही मोकळी होती माझी. मोठं मन दाखवायला काही लागत नव्हतं. मग बोर्डावर नोटीस लागली आणि तिच्यावर आपलं आडनाव दिसलं. तीन दिवस मी शास्त्र उघडून बसलो. जे शोधत होतो ते सापडलं. आपल्याला जे हवं असतं ते सापडतंच त्यात, पानं भरपूर आहेत. ते वचन लिहून कचेरीत नेलं.

ओलिंदा: कचेरीत? शास्त्र?

आदेमार: बाईने वाचलं आणि हसली. वाईट नाही हसली. म्हणाली, ‘आदेमारसाहेब, तुमच्याच पणजोबांनी धडपड केली ती या टेबलावर कोणाचं शास्त्र चालू नये म्हणून. इथं तीन कारणं चालतात. वय, आधीचं लग्न, आणि रक्त.’ मी टोपी घातली आणि बाहेर आलो.

नेल्वा: आणि तुझ्याकडे रक्त होतं.

आदेमार: माझ्याकडे पान होतं.

ओलिंदा: मग त्यात एवढं काय? वचन घेऊन गेलात, ते माझ्या डोक्यात जातं, खरं सांगते. पण पान तुम्हाला खरं वाटत होतं. खरं वाटत असताना गप्प बसला असतात तर तेच वाईट. माझ्या बहिणीने सख्ख्या बहिणीशी लग्न ठरवलं असतं तर मीसुद्धा लिहिलं असतं, मोठ्या अक्षरात.

आदेमार: माझी बाजू घेऊ नकोस. तू तरी घेऊ नकोस.

नेल्वा: दादा, ‘आज प्रथमच कळले.’ एवढंच तर वाक्य आहे.

आदेमार: तेच लिहवत नाही.

नेल्वा: का?

आदेमार: आण तो कागद. मी माझं लिहितो. मोठ्याने बोलत लिहितो, म्हणजे मध्येच थांबता येणार नाही. ‘अर्ज मागे घेत आहे. कारण. ओलिंदा ही माझ्या वडिलांची मुलगी नाही. हे मला माझ्या वडिलांनी स्वतः सांगितले होते. सन एकोणीसशे चौऱ्याण्णव, मे महिना.’

ओलिंदा: चौऱ्याण्णव?

आदेमार: ‘अर्ज करताना मला ते ठाऊक होते.’ सही. तारीख.

नेल्वा: मे महिन्यात तर बाबा गेले.

आदेमार: तू बाजाराला गेली होतीस. ओलिंदा गोठ्यात. तू सांगून गेली होतीस म्हणून मी त्यांच्या उशाशी बसलो होतो, भिंतीकडे बघत. त्यांनी माझी बाही धरली. म्हणाले, ‘तुझ्या आईला मी कधी फसवलं नाही रे. ती पोर माझी नाही. कोणाला सांगू नकोस, पण तुला ठाऊक असू दे.’ मी बाही सोडवून घेतली आणि म्हटलं, झोपा.

नेल्वा: म्हणजे पुरायच्या आधी.

आदेमार: चार दिवस आधी. आईशेजारी ठेवलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, आता का. मग मला सांगावं लागलं असतं, की तेरा वर्षं मी ज्याच्यासाठी बापाशी बोललो नाही, तसं काही घडलंच नव्हतं. ते माझ्याने झालं नाही. कुंपणाकडची जागा मी दाखवली.

ओलिंदा: नेल्वा, खुर्ची घे. बस खाली.

नेल्वा: मी उभीच बरी आहे.

आदेमार: घे हा कागद. उद्याची वाट बघू नका, आत्ताच नेऊन द्या, नाहीतर मी परत मागेन. नेल्वा, इकडे बघ. तू मघाशी माफी मागत होतीस, तेव्हाही मला सगळं ठाऊक होतं. आणि मी तुला मागू देत होतो.